आधी वार, मग शहर, गाडी शेवटी

दिल्लीहून आग्रा-ग्वाल्हेरमार्गे झाशीला जाणारी गतिमान एक्स्प्रेस आठवड्यातून सहाच दिवस धावते. शुक्रवारी तिला सुट्टी. कारण शुक्रवारी ताजमहाल बंद, आणि ताज बंद म्हटल्यावर गाडीत बसणार कोण? २०१६ साली ताशी १६० किलोमीटर वेगाने धावू लागलेल्या या गाडीला जे कळतं, ते कळायला आपल्यातल्या अनेकांना आग्र्याच्या बंद दरवाज्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं.

रेल्वेने चार-पाच शहरं करायची ठरली की आपण पहिल्यांदा नकाशा उघडतो आणि अंतरं मोजत बसतो. खरं तर रेल्वेत अंतराचं एवढं अडत नाही. रात्री जेवून आडवं व्हायचं, सकाळी चहावाल्याच्या हाकेने उठायचं, तोवर सहाशे-सातशे किलोमीटर मागे पडलेले असतात. अडतं ते वारावर, स्टेशनाच्या नावावर आणि रात्रीच्या बारावर. तेव्हा नकाशा बाजूला ठेवा, कालनिर्णय भिंतीवरून काढून आणा.

वाराचे नखरे

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही याच दोन दिवसांत बसवायची तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा उलटा डाव टाकावा लागतो. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद. एकता नगरचा सरदार पटेलांचा पुतळा सोमवारी बंद. उलट म्हैसूरचा राजवाडा रोज उघडा. पण हजारो दिव्यांची रोषणाई बघायची असेल तर रविवारची किंवा सरकारी सुट्टीची संध्याकाळ गाठायला हवी. म्हणजे म्हैसूरला शनिवारी रात्री पोचून रविवारी दुपारची परतीची गाडी पकडणाऱ्याने राजवाडा पाहिला, पण अर्धाच.

एक वर्तुळ, मुंबईपासून मुंबईपर्यंत

उदाहरणादाखल एक फेरी घेऊ. मुंबई, अहमदाबाद, जयपूर, आग्रा, ग्वाल्हेर, भोपाळ, जळगाव आणि परत मुंबई. सगळं रुळांवरून, ढोबळमानाने पावणेतीन हजार किलोमीटर. या एका फेरीत युनेस्कोच्या जागतिक वारशाची किती ठिकाणं सापडतात बघा. अहमदाबादचं जुनं शहर २०१७ साली यादीत गेलं. असा मान मिळालेलं ते भारतातलं पहिलं शहर. जयपूर २०१९ साली. जयपूर-आग्रा मार्गावर भरतपूर लागतं, तिथलं पक्षी अभयारण्य १९८५ पासून यादीत. आग्र्यात किल्ला आणि ताज. भोपाळच्या एका अंगाला सांची, दुसऱ्या अंगाला भीमबेटका. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. आणि निघताना किंवा परतताना मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जे २००४ पासून स्वतःच जागतिक वारसा आहे. गाडीची वाट बघत जिथे आपण वडापाव खातो, ती इमारत बघायला जगभरातून माणसं येतात.

भारताला या यादीत पहिली चार नावं मिळाली ती १९८३ साली: अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला आणि ताजमहाल. वरच्या फेरीत त्यातली तीन येतात. वेरूळचा मोह आवरत नसेल तर जळगावला उतरून रस्त्याने अजिंठा करत छत्रपती संभाजीनगर गाठा आणि तिथून मुंबईची गाडी घ्या. वाराचं गणित मात्र विसरू नका: आग्र्यात शुक्रवार नको, अजिंठ्यात सोमवार नको, वेरूळात मंगळवार नको.

खिडकीतून लागलेला शोध

भोपाळ ते इटारसी हा टप्पा दिवसाउजेडी करा असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण एका मराठी माणसाची खिडकी. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे चालले होते. बाहेर बघता बघता त्यांना लांबवर काही खडक दिसले. स्पेन आणि फ्रान्समध्ये आदिमानवाच्या चित्रगुहा जशा खडकांत पाहिल्या होत्या, अगदी तसेच. गाडी पुढे गेली, पण त्यांचं डोकं तिथेच राहिलं. पुढे ते सहकाऱ्यांना घेऊन त्या टेकड्यांवर पोचले आणि भीमबेटका जगासमोर आलं. शेकडो शैलाश्रय, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेले रानगवे, हरणं, शिकारी आणि नाचणारे घोळके. २००३ साली युनेस्कोने शिक्कामोर्तब केलं. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेल्या वाकणकरांना १९७५ साली पद्मश्री मिळाली.

हे सगळं खिडकीजवळ बसल्यामुळे. मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

याच वर्तुळात ग्वाल्हेरला जयविलास राजवाड्यात आणखी एक गाडी बघायला मिळते. ही चांदीची. शिंद्यांच्या जेवणाच्या लांबलचक टेबलावर छोटे रूळ टाकलेत आणि त्यावरून ही इवलीशी आगगाडी पाहुण्यांसमोर मद्य आणि सिगार घेऊन फिरायची. जगातली एकमेव गाडी, जिच्या वेळापत्रकात फक्त जेवणाची वेळ होती.

तिकीट एकच, उतरायचं आठ वेळा

आता खिशाची गोष्ट. अशा फेरीसाठी रेल्वेकडे सर्क्युलर जर्नी तिकीट नावाची सोय फार पूर्वीपासून आहे आणि ती वापरणारे आश्चर्य वाटावं इतके थोडे. जिथून निघालात तिथेच परत यायचं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, बस्स. गंमत भाड्यात आहे. रेल्वेचं भाडं अंतर वाढत जाईल तसं किलोमीटरमागे उतरत जातं. सात टप्प्यांची सात तिकिटं काढली तर दर वेळी मीटर पहिल्यापासून पडतो. सर्क्युलरमध्ये सगळं अंतर एकत्र मोजतात, त्याचे दोन भाग करतात आणि प्रत्येक भागाला एका लांब प्रवासाचं भाडं लावतात. पावणेतीन हजार किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे पावणेचौदाशे किलोमीटरची दोन तिकिटं.

मुदतीचा हिशेबही ऐसपैस: चारशे किलोमीटरला प्रवासाचा एक दिवस आणि दोनशे किलोमीटरला मुक्कामाचा एक दिवस. आपल्या फेरीला त्या हिशेबाने जवळपास तीन आठवडे मिळतात. एवढी रजा कोण देणार, हा प्रश्न रेल्वेच्या अखत्यारीत येत नाही.

मग लोक हे तिकीट काढत का नाहीत? कारण ते मोबाइलवर मिळत नाही. आपला मार्ग कागदावर लिहून विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयात किंवा मोठ्या स्टेशनावर अर्ज करायचा, मंजुरी मिळाली की खिडकीवर तिकीट घ्यायचं आणि नंतर प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं. आरक्षणाचा आकार आणि सुपरफास्टचा अधिभार वेगळा. एका सकाळचं काम आहे, पण कागद घेऊन कचेरीत जायचं म्हटलं की आपल्याला घाम फुटतो. दोन-तीनच शहरं करायची असतील तर हा खटाटोप नको. सहा-सात शहरं असतील तर नक्की करा.

पाचशेला थोडक्यात कमी

साध्या लांब पल्ल्याच्या तिकिटावरही वाटेत उतरता येतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. तिकीट पाचशे किलोमीटरहून लांबचं असेल तर एकदा, हजारहून लांबचं असेल तर दोनदा, दर वेळी दोन दिवसांपर्यंत. उतरल्यावर तिकिटावर स्टेशनात नोंद करून घ्यायची, पुढच्या टप्प्याचं आरक्षण आधीच बघून ठेवायचं. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलत नाही.

मेख अशी की पहिला मुक्काम निघाल्यापासून पाचशे किलोमीटरच्या आत घेता येत नाही. आणि मुंबई सेंट्रल ते अहमदाबाद हे अंतर पाचशेला अगदी थोडक्यात कमी पडतं! मुंबई-जयपूर तिकिटावर अहमदाबादला उतरून ढोकळा खायचा बेत तिथेच फसतो. अबू रोडला उतरायला मात्र नियमाची हरकत नाही. तिथे माउंट अबूही आहे आणि फलाटावर मिळणारी रबडीही. रबडी आधी.

गाव एक, स्टेशनं अनेक

आग्र्याला जयपूरकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या आग्रा फोर्टला थांबतात आणि मुंबई-दिल्ली मार्गावरच्या गाड्या आग्रा कॅन्टला. उतरायचं एकीकडे, पुढची गाडी दुसरीकडे. भोपाळला भोपाळ जंक्शन आणि राणी कमलापती (जुनं हबीबगंज) अशी दोन मोठी स्टेशनं. वाराणसीला वाराणसी जंक्शन, बनारस (जुनं मंडुआडीह) आणि गंगेपलीकडे पंडित दीनदयाल उपाध्याय, म्हणजे आपलं जुनं मुगलसराय. हैदराबादला सिकंदराबाद, काचीगुडा आणि नामपल्ली. दादरचीसुद्धा रेल्वेच्या दफ्तरी दोन नावं: मध्य रेल्वेचं डीआर, पश्चिमचं डीडीआर.

सगळ्यात भारी गोंधळ गांधीनगरचा. गांधीनगर कॅपिटल गुजरातेत. त्या स्टेशनाच्या डोक्यावर चक्क पंचतारांकित हॉटेल उभं आहे. आणि गांधीनगर जयपूर राजस्थानात. तिथे २०१८ साली सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांच्या हाती दिला गेला. तोच प्रयोग आदल्या वर्षी आपल्या माटुंग्याला झाला होता. तिकीट काढताना नुसतं ‘गांधीनगर’ टाइप करून पहिल्या नावावर बोट ठेवलंत, तर राज्य बदलेल.

हद्दीचा विषय निघालाच आहे तर नवापूर सांगायला हवं. जळगावहून सुरतेकडे जाताना लागणारं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. हद्दीवर एक बाक आहे. त्याच्या एका टोकाला बसलात तर तुम्ही नंदुरबार जिल्ह्यात, दुसऱ्या टोकाला सरकलात तर तापी जिल्ह्यात. भांडलेल्या नवरा-बायकोने वेगवेगळ्या राज्यांत बसावं म्हटलं तर जागा आयती.

बारा वाजून दहा मिनिटांचा सापळा

तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.१०. घरून कधी निघाल? १४ तारखेला रात्री जेवून. १५ तारखेला रात्री निवांत स्टेशनावर पोचणारी कुटुंबं टीसी लोकांनी इतकी पाहिलीत की त्यांना आता दयासुद्धा येत नाही.

आरक्षणाचा हिशेबही असाच फिरवतो. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. पण हे साठ दिवस मोजायचे ते गाडी तिच्या मूळ स्टेशनातून सुटते त्या तारखेपासून. तुमच्या गावात गाडी दुसऱ्या दिवशी पोचत असेल, तर तुमच्यासाठी खिडकी एक दिवस आधीच उघडते. सकाळी ८ ला आरक्षण, एसी तत्काळ १० ला, बिगर-एसी ११ ला. ऑनलाइन तत्काळला आता आधारची पडताळणी लागते आणि साध्या आरक्षणातही सुरुवातीचा वेळ आधार जोडलेल्या खात्यांचाच.

एक सोय मात्र आवर्जून वापरा. एका गाडीतून उतरून दुसरी पकडायची असेल तर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडता येतात. पहिली गाडी रखडली आणि दुसरी हुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचे तपशील सारखे हवेत. पैसे परत मिळतील. हुकलेली सहल नाही. म्हणून दोन गाड्यांत चार-पाच तासांची फट ठेवा आणि तेवढ्यात सामान क्लोकरूममध्ये टाकून गाव बघा. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर ती घेत नाहीत.

आठचा पाढा

बर्थचा नंबर दिसला की त्याला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ उरली तर साइड लोअर आणि बाकी शून्य, तर साइड अपर. स्लीपरला आणि थ्री-एसीला हे गणित चालतं. ४३ नंबर? बाकी ३, वरचा. गुडघे जपून. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा, हा नियम खालच्या बर्थवरच्या आजोबांना तोंडपाठ असतो.

आजी-आजोबांचं तिकीट कुटुंबाच्या सहा जणांत कोंबू नका. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया यांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. मोठ्या घोळक्यात हा कोटा लागू होत नाही आणि मग सत्तरीची आजी मधल्या बर्थकडे बघत उभी राहते. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. तेवढा खालचा बर्थ तरी पदरात पाडून घ्या.

वेटिंग मिळालंच तर आधी अक्षरं वाचा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे जनरल वेटिंग, तिथे आशा ठेवायला जागा. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल हे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यांवरचे, तिथे देवाला नवस बोलायला जागा. पीएनआरचा पहिला आकडासुद्धा गप्प बसत नाही: तो कोणत्या आरक्षण केंद्राचा, ते सांगतो. मुंबई केंद्राचे नंबर ८ किंवा ९ ने सुरू होतात.

पोटोबा

डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली आणि तिच्यात आजही डायनिंग कार आहे. टेबल-खुर्चीवर बसून चीज टोस्ट आणि ऑम्लेट खात खंडाळ्याचा घाट उतरायचा, ही चैन देशातल्या दुसऱ्या नेहमीच्या गाडीत मिळत नाही. बहुशहरी फेरी पुण्यापासून असेल तर सुरुवात हिच्यातूनच करा.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजारांहून अधिक किलोमीटरचं अंतर कापत दोन तख्तं जोडते: हजूर साहिब आणि अकाल तख्त. वाटेतल्या काही स्टेशनांवर भाविक डब्यांशी येऊन फुकट लंगर वाढतात. कढी-भात, छोले, भाजी, जे असेल ते. नेहमीचे प्रवासी घरून ताटल्या-वाट्या घेऊनच चढतात. परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत ती जाते, तेव्हा मराठवाड्याहून उत्तरेकडे निघणाऱ्यांनी पिशवीत एक ताटली टाकायला हरकत नाही.

गाडी हेच ठिकाण

काही गाड्या कुठे पोचवतात हे महत्त्वाचं नसतं. नीलगिरीची गाडी मेट्टुपाळयमहून उटीला ४६ किलोमीटर चढते. रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी, चढ बारास एक, आणि इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलतं. चढायला पाचेक तास, उतरायला साडेतीन. कालका-सिमला १९०३ ची, ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे. दार्जिलिंगची १८८१ ची. वाटेतलं घूम स्टेशन २,२५८ मीटर उंचीवर. तिन्ही जागतिक वारसा. आपली नेरळ-माथेरान १९०७ ची, आदमजी पीरभॉय घराण्याने उभारलेली. पावसाळ्यात ती नेरळहून सुटत नाही, फक्त अमन लॉज ते माथेरान तेवढी शटल चालते.

कोकण रेल्वेचंही पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, वेग कमी आणि वेळा बदललेल्या. गोव्याला जोडून पुढे मंगळुरू-केरळ करणाऱ्यांनी जून ते ऑक्टोबरमध्ये जुन्या वेळा गृहीत धरू नयेत. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. तो रात्री झोपेत ओलांडणं हा गुन्हा नाही, पण नुकसान आहे.

आणि हे काहीच जमवायचं नसेल तर भारत गौरव गाड्या आहेत, राहणं-खाणं-फिरणं सगळं त्यांच्याकडे. जून २०२५ मध्ये अशीच एक गाडी मुंबईहून निघून रायगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा दाखवून आली. मला मात्र असल्या गाड्यांत एकच खोट वाटते: नियोजनाची मजा दुसरंच कोणीतरी लुटतं.

तेव्हा येत्या सुट्टीसाठी वार पक्के करा, मूळ स्टेशनाच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजा आणि त्या सकाळी आठला पाच मिनिटं असतानाच प्रवाशांची नावं भरून तयार बसा. आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंगच मिळतं.